पंखा कुठे बसवायचा?

नांदेडच्या वर्तमानपत्रांत बोट दोन प्रकारे येते. उन्हाळ्यात येते ती वाळूउपशाची: सक्शन पंप बसवलेला तराफा, त्यावर डिझेल इंजिन, महसूल पथकाचा छापा आणि मग 'जिलेटिन लावून बोटी उडवल्या' ही ठरलेली ओळ. पावसाळ्यात येते ती बचाव पथकाची: रबरी बोट, मागे टांगलेली मोटर म्हणजे 'ओबीएम', नारिंगी लाइफ जॅकेटं. निव्वळ वेगासाठी बांधलेली बोट इथल्या बातमीत येत नाही. आणि ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या वाचकाला पॉवरबोटींच्या गोष्टी काय सांगायच्या, असंही कुणी विचारेल.

पण पाण्यावरचे दोन गाजलेले वेगविक्रम समुद्रावर झालेले नाहीत, धरणांच्या साठलेल्या पाण्यावर झाले आहेत. ८ ऑक्टोबर १९७८ रोजी केन वॉर्बी या ऑस्ट्रेलियन माणसाने घराच्या अंगणात बांधलेली 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' ही बोट ताशी ५११ किलोमीटर वेगाने पळवली. जागा होती ब्लोअरिंग धरणाचा जलाशय, जो शेतीला पाणी आणि वीज देण्यासाठी बांधलेला. पंख्यावर चालणाऱ्या बोटींमधला मोठा विक्रम मार्च २००४ चा. डेव्ह व्हिलवॉकने 'मिस बडवायझर' ताशी सुमारे ३५५ किलोमीटरने हाकली, तीही कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाजवळच्या थर्मॅलिटो जलाशयावर. विक्रमाला लाटा चालत नाहीत. सपाट, बंदिस्त पाणी लागतं, आणि तसं पाणी मराठवाड्याने विष्णुपुरीपासून जायकवाडीपर्यंत बऱ्याच ठिकाणी अडवलेलं आहे. पाऊस झाला तर.

वॉर्बीची बोट मात्र इथेच बाजूला ठेवू. तिला लिलावात घेतलेलं विमानाचं जेट इंजिन होतं. ते हवा मागे फेकत होतं, पाण्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. 'मिस बडवायझर'चं तसं नाही. हेलिकॉप्टरचं टर्बाइन होतं खरं, पण त्याची सगळी ताकद शेवटी एका पंख्यातून पाण्यात उतरत होती, आणि तो पंखा वेगात असताना अर्धा पाण्याबाहेर असायचा. अर्धा पंखा हवेत ठेवून जास्त वेग कसा मिळतो? ते कळायचं तर आधी पंखा करतो काय ते पाहिलं पाहिजे.

बोट पुढे जाते ती पाणी मागे ढकलून. ढकलण्याच्या दोन तऱ्हा आहेत: पुष्कळ पाणी सावकाश ढकला, किंवा थोडं पाणी जोरात फेका. जोर दोन्हींत सारखा मिळू शकतो, पण खर्च सारखा होत नाही. बोटीचा वेग ताशी २० किलोमीटर आहे आणि पंख्यामागचं पाणी बोटीच्या मानाने ताशी २४ ने मागे जातंय असं धरा. आदर्श गणितात लावलेल्या ताकदीपैकी ९१ टक्के कामी येते. तेच पाणी बारीक धारेने ४० च्या वेगाने फेकलं, तर ६७ टक्केच. बाकीची ताकद मागच्या पाण्याला घुसळण्यात जाते. म्हणून मालवाहू जहाजांना हळू फिरणारे अजस्र पंखे असतात. पण बोटीचा वेग वाढत जातो तसं हे गणित पालटतं. बोट ४० ने धावत असेल आणि धार ५६ ची, तर हिशेब ८३ टक्क्यांवर येतो. शिवाय वेगवान बोटीत दुसराच खर्च वर डोकं काढतो: पंखा धरून ठेवणाऱ्या सामानाला पाणी जो विरोध करतं, त्याचा. वेग दुप्पट झाला की हा विरोध साधारण चौपट. पॉवरबोटींच्या ड्राइव्हचा सगळा इतिहास म्हणजे हे सामान पाण्याबाहेर कसं काढायचं याची खटपट आहे.

पंख्याच्या बाबतीत एक आकडा समजला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. तो म्हणजे पिच: एका फेऱ्यात पंखा, घसरला नाही तर, किती पुढे जाईल ते अंतर. पंख्यावर तो इंचांत कोरलेला असतो. समजा पिच १९ इंच, इंजिन मिनिटाला ५,६०० फेरे घेतंय आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, २,८०० फेरे घेतोय. गुणाकार केला तर वेग येतो ताशी ८१ किलोमीटर. पाण्यात थोडी घसरण होणारच. ती दहा टक्के धरली तर ७३. हलक्या, धावत्या बोटीला हा पंखा छान. तोच पंखा दहा माणसं भरलेल्या रबरी बोटीला लावा: इंजिन फेरे घेतच नाही, गुरगुरत राहतं, आणि बोट नाक वर करून पाणी लोटत बसते. नांगर जमिनीत घालून ट्रॅक्टर रस्त्याच्या गिअरमध्ये टाकला तर होईल तेच. तिथे कमी पिचचा पंखा हवा. इंजिनाची अश्वशक्ती सगळे विचारतात. पंख्याचा पिच विचारणारा माणूस भेटला, की त्याला बोटीतलं कळतं असं समजायला हरकत नाही.

आता पंखा बसवायचा कुठे? सर्वात जुनी जागा म्हणजे बोटीच्या पोटाखाली. इंजिन मध्यभागी, तिथून एक सरळ दांडा तिरका होत तळातून बाहेर, टोकाला पंखा, त्यामागे सुकाणू. साधी, दणकट रचना. आपल्या किनाऱ्यावरचे मोठे मासेमारी ट्रॉलर याच पद्धतीचे. वेगाला मात्र ही मारक, कारण दांडा, त्याला आधार देणारा लोखंडी पाय आणि सुकाणू सगळं पाण्यात, सगळं विरोध करणारं. शिवाय दांडा तिरका, म्हणून पंख्याचं पातं खाली येताना एक जोर लावतं, वर जाताना दुसरा. थरथर सुरू होते.

आणि मग ती जुनी डोकेदुखी, कॅव्हिटेशन. पंखा फार जोरात फिरला की पात्याच्या पाठीवरचा दाब इतका उतरतो की थंड पाणीच उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात, पुढे जाऊन फुटतात, आणि फुटताना पितळ-पोलाद कुरतडतात. चार्ल्स पार्सन्स या इंग्रज अभियंत्याला हे फार महागात पडलं. आपल्या नव्या वाफेच्या टर्बाइनची ताकद दाखवायला त्याने १८९४ मध्ये 'टर्बिनिया' बांधली. टर्बाइन उत्तम, पण बोट काही केल्या अपेक्षित वेग घेईना. एकच पंखा इतक्या फेऱ्यांना पाण्याऐवजी वाफच कापत होता. पार्सन्सने काचेची खिडकी असलेल्या टाकीत छोटे पंखे फिरवून, प्रकाशाच्या झगमगीत ते बुडबुडे पाहिले, मग एका दांड्याऐवजी तीन दांडे लावले आणि प्रत्येकावर तीन पंखे. जून १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून स्पिटहेडला आरमार उभं होतं. त्या रांगांमधून 'टर्बिनिया' ३४ नॉट वेगाने, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरने, निघून गेली. पाठलाग करणाऱ्या गस्ती बोटींना ती सापडली नाही. निमंत्रण नसताना.

दुसरी जागा म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर, इंजिनासकट. हेच आउटबोर्ड मोटर, आपल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षातलं 'ओबीएम'. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूडने ती बाजारात चालवून दाखवली. इंजिन उभं, त्याचा दांडा सरळ खाली, तळाशी गिअर, गिअरला आडवा पंखा. सुकाणू वेगळं नाही, अख्खी मोटर वळते. उथळ आलं की मोटर तिरकी करून पंखा वर घ्यायचा. बिघडली तर चार बोल्ट सोडून दुसरी लावायची. बराच काळ वेगवान बोटवाले तिला मासे धरणाऱ्यांचं खेळणं समजत. आज तो समज कुणी धरत नाही. ३ ते ५ मार्च २०१७ ला मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोट शर्यती झाल्या, तेव्हा कठड्यावर बसून लोकांनी पाहिल्या त्या २८ फुटी 'पँथर' बोटींच्या मागे २५० अश्वशक्तीची एकेक आउटबोर्डच होती. २०२१ मध्ये मर्क्युरी कंपनीने ६०० अश्वशक्तीची बारा सिलिंडरची आउटबोर्ड आणली. तिच्यात वरचं इंजिन हलत नाही, फक्त पाण्यातला गिअरचा भाग वळतो, आणि गिअर दोन आहेत. बोट उचलताना एक, धावताना दुसरा. पिचची ती जुनी अडचण अशी गिअरने सोडवली. फक्त वजन सव्वापाचशे किलोच्या वर गेलं.

आउटबोर्ड आणि आत बसवलेलं इंजिन यांच्यामधली तडजोड म्हणजे स्टर्नड्राइव्ह: इंजिन बोटीच्या आत मागच्या बाजूला, फळीबाहेर फक्त आउटबोर्डचा खालचा पाय. १९५९ मध्ये व्होल्वो पेंटाने ती 'अ‍ॅक्वामॅटिक' नावाने आणली, मर्क्युरी दोनच वर्षांत मागून आली आणि पुढे तिने बाजार घेतला. मोटारगाडीचं मोठं इंजिन वापरता येतं, पाय वरखाली करून बोटीचं नाक नेमकं हवं तितकं उचलता येतं. पण इंजिनाची ताकद दोनदा काटकोनात वळवावी लागते, म्हणजे दोन गिअरजोड्या, आणि फळीला पाडलेलं भोक झाकायला एक रबरी भाता. तो भाता चिरला की पाणी आत. ज्या गावात तो भाता मिळत नाही तिथे ही बोट घेऊ नये, इतकंच माझं मत.

आता अर्ध्या पंख्याकडे. यात दांडा फळीतून थेट मागे निघतो आणि पंखा बोटीच्या बऱ्याच मागे, पाण्याच्या पृष्ठभागावरच फिरतो. खालचा अर्धा भाग पाण्यात, वरचा हवेत. दांडा, पाय, गिअरचा डबा, विरोध करणारं सगळंच सामान पाण्याबाहेर आलं. कॅव्हिटेशनची गोष्ट तर गमतीचीच आहे. प्रत्येक पातं वरून येताना स्वतःबरोबर हवा ओढून आणतं, आणि पाठीवर जिथे वाफेची पोकळी झाली असती तिथे हवा भरते. हवेचा बुडबुडा फुटून पोलाद कुरतडत नाही. म्हणजे ज्या रोगाने पार्सन्स बेजार झाला, तो इथे हवा पाजून थोपवला आहे. कल्पना जुनी, पण हॉवर्ड अर्नेसन या अमेरिकन माणसाने वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा दांडा करून ती सर्वसाधारण वेगवान बोटींना वापरण्याजोगी केली. अशा बोटीच्या मागे पाण्याचा उंच तुरा उडतो.

किंमत कमी वेगात मोजावी लागते. बोट थांबलेली असते तेव्हा मागची फळी बुडालेली, पंखा पूर्ण पाण्यात, आणि हे पंखे पूर्ण बुडून काम करायला बनवलेलेच नसतात. बोट पाण्यावर चढेपर्यंत इंजिनाची दमछाक होते. मागे घेताना तर ही बोट अगदीच अडाणी. धक्क्याला लावताना चालवणाऱ्याचा अहंकार उतरवायचं काम ती चोख करते.

उरला पाण्याचा जेट. त्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण तो समुद्रासाठी जन्मलेलाच नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बिल हॅमिल्टन नावाचा मेंढपाळ-अभियंता होता. त्याच्या भागातल्या नद्या रुंद, उथळ, गोट्यांच्या, दर पावसाला पात्र बदलणाऱ्या. पंख्याची बोट तिथे दोन दिवस टिकली नसती. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने बोटीच्या पोटात पंप बसवला. पाणी तळातून ओढायचं, मागून फेकायचं. आधी तो धार पाण्याखालीच सोडत होता आणि बोट रखडत होती. मग नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या जरा वर आणलं आणि वेग एकदम वाढला. धार पाण्यात सोडो की हवेत, रेटा तोच. वाचला तो खाली लोंबणाऱ्या तोटीला होणारा विरोध. १९६० मध्ये त्याच्या जेट बोटी कोलोराडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट वर गेल्या. तसं आधी कुणी केलं नव्हतं.

आपल्याकडे या बोटी आल्या १९७७ मध्ये. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी 'समुद्रातून आकाशाकडे' अशी मोहीम घेऊन गंगासागरहून तीन जेट बोटींतून निघाले. बोटींची नावं 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया'. मैदानातली संथ गंगा, मग हृषीकेशच्या वरचे खळाळ, देवप्रयाग, रुद्रप्रयाग करत नंदप्रयागजवळच्या धबधब्याने वाट अडवेपर्यंत ते गेले. पंख्याची कुठलीही बोट त्या खडकांतून तिथवर पोचली नसती.

जेट म्हणजे नेमकं काय, हे नांदेडकराला समजावणं सोपं आहे. विष्णुपुरीला गोदावरीचं पाणी पंपाने उचलून कालव्यात टाकतात. तिथे पंप जमिनीला घट्ट बांधलेला असतो, म्हणून पाणी हलतं. पंप बोटीला बांधला तर त्याच धक्क्याने बोट हलते. आतला इम्पेलर, त्यामागे पाण्याचा पीळ सरळ करणारी स्थिर पाती, मग निमुळती तोटी. तोटी वळवली की बोट वळते. मागे जायचं तर तोटीवर एक वाडग्यासारखं झाकण उतरतं आणि धार पुढच्या दिशेला परतते. मालवणला ज्यांनी वॉटर स्कूटर चालवली त्यांनी हेच यंत्र चालवलं. त्यांना त्याचा खरा धोकाही आठवत असेल: समोर काही दिसलं म्हणून घाबरून हात सोडला, की धार बंद आणि धारेबरोबर वळणंही बंद. जेटला सुकाणू नसतं.

मोठ्या प्रमाणावर जेट चालतो तो सतत वेगात राहणाऱ्या बोटींत. लार्सन अँड टुब्रोने आपल्या तटरक्षक दलासाठी बांधलेल्या २८ मीटरच्या इंटरसेप्टर बोटी दोन वॉटरजेटवर ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर धावतात. मघाचा ८३ टक्क्यांचा हिशेब तिथे लागू पडतो. हळू चालायचं असेल तर ६७ वाला.

मग मांजरेच्या पुरात जेट चालेल का? ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांना पाण्याने वेढलं आणि लष्कराला बोलवावं लागलं. पुढच्याच महिन्यात मांजरा आणि तेरणाकाठची शिवारं पाण्याखाली गेली. असं पाणी नदीचं राहत नाही. त्याखाली बांध असतात, काटेरी तारेची कुंपणं, विहिरींचे कठडे, ठिबकच्या नळ्या, कोल्हापुरी बंधाऱ्याचे खांब. पंख्याला यातलं प्रत्येक घातक. शिवाय पाण्यात माणसं असतात, आणि उघडा फिरता पंखा पुरापेक्षा लवकर जीव घेतो. म्हणून माणूस जवळ आला की ओबीएम बंद करून वल्ह्यावर यायचं, हा बचावकार्यातला नियम. जेटला उघडं पातंच नाही. इथवर हॅमिल्टनची बाजू भक्कम.

पण त्याच्या नदीत ऊस नव्हता. लातूरच्या पुराबरोबर उसाचं पाचट येतं, सोयाबीनचं काड, प्लास्टिक, कडबा. गोदावरीत जलपर्णी. पंपाचा फुटव्हॉल्व्ह चोंदला की काय होतं ते सांगायला शेतकऱ्याला अभियंता लागत नाही: मोटार हवा धरते आणि पाणी सोडते. जेटच्या तळाच्या जाळीला पाचट बसलं की अगदी तेच होतं, इंजिन भुंगा होतं आणि बोट जागच्या जागी. वाळूमिश्रित पाण्याने इम्पेलर आणि त्याभोवतालचं कडं झिजतं. त्यांच्यातली फट मिलिमीटरने वाढली तरी जोर घटतो. साध्या ओबीएमला खाली पंख्याऐवजी जेटचा पाय लावून मिळतो, परदेशातली काही बचाव पथकं तो वापरतात, पण त्यात ताकदीचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. चाळीसच्या मोटरचे हाती उरतात सत्तावीस-अठ्ठावीस.

म्हणून माझा कौल, गल्लीत शिरणाऱ्या बोटीसाठी, पंख्याच्या ओबीएमलाच आहे. शर्यतवाले वापरतात तशा मोटरला मात्र नव्हे. पोलादी पंखा वेगाला चांगला, पण दगडावर आपटला की धक्का थेट गिअरला पोचवतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकतो, तुटतो, आणि गिअर वाचवतो. पंख्याभोवती कडं किंवा जाळी बसवली तर वेग थोडा जातो, तो जाऊ द्यावा. पिच कमी घ्यावा, कारण ही बोट येताना भरलेलीच असणार. पात्यात दोर किंवा साडी गुंतली तर कापायला चाकू, आणि बोटीतच बांधून ठेवलेला एक जादा पंखा, त्याचा पाना आणि पिना. पंखा बदलायला सवयीच्या हाताला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तीही मोटर वर उचलून, बोटीतूनच. खाली उतरून मात्र नाही. तिथे कंबरभर पाणी आहे की विहीर, हे वरून कळत नाही.